पिवळी पट्टी पुन्हा गेली: एक्सएफसीईवर टायटल बारची थीम अर्ध्याच विंडोंना का लागते

काकांचा फोन वर्षातून एक-दोनदा येतो आणि वाक्य ठरलेलं असतं: "अरे, ती पिवळी पट्टी पुन्हा गेली."

काका ७४ वर्षांचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही फिका राखाडी आणि त्याहून जरा कमी फिका राखाडी यांतला फरक त्यांना दिसत नाही. खरं सांगायचं तर मलाही दिसत नाही. पडद्यावर चार विंडो उघड्या असल्या की आपण टाइप केलेलं नेमकं कुठे उमटणार हे कळायला एकच खूण असते, ती म्हणजे चालू विंडोचा टायटल बार, वरची नावाची पट्टी. नव्या थीमांनी नेमकी तीच खूण पुसट करून टाकली आहे. म्हणून त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन हे लिनक्सचं वितरण आणि त्यावर एक्सएफसीई हा डेस्कटॉप घातला तेव्हाच मी चालू विंडोची पट्टी रिक्षाच्या टपासारखी पिवळी केली, वर काळी अक्षरं. बाकीच्या विंडो राखाडी. काका खूश.

पण दर मोठ्या अपडेटनंतर काही विंडोंची पट्टी पिवळी राहायची आणि काहींची पांढरी व्हायची. पहिल्या दोन वेळा मी थीम पुन्हा निवडून दिली, लॉगआउट-लॉगइन केलं, काहीतरी जमलं आणि विषय संपला असं समजलो. तिसऱ्या वेळी नीट बसून पाहिलं. खाली लिहिलंय ते त्यातूनच आलेलं आहे. हेच दुखणं उबुंटूवर किंवा मिंटवर असेल तरी कारणं तीच, फक्त सेटिंगची दारं वेगळी.

आधी पाहा, पट्टी काढतं कोण

आपल्याला सगळ्या टायटल बार एकसारख्या दिसतात, म्हणून त्या एकाच ठिकाणाहून येतात असं वाटतं. तसं नाही. काही विंडोंची पट्टी विंडो मॅनेजर काढतो. एक्सएफसीईमध्ये त्याचं नाव एक्सएफडब्ल्यूएम४. ॲप फक्त आतला मजकूर देतं आणि चौकट बाहेरून बसवली जाते. काही ॲप मात्र आपली पट्टी स्वतःच काढतात. तीत फुलीच्या शेजारी शोधाचं भिंग, मेनूचं बटण, मागे जायचा बाण असं सगळं कोंबलेलं असतं. ही हेडर बारची पद्धत जीटीके (ॲपच्या खिडक्या-बटणं बनवायचा संच) ३.१० आणि ग्नोम (दुसरा एक डेस्कटॉप) ३.१० बरोबर २०१३ मध्ये आली, आणि तेव्हापासून हा दुभंग आहे.

कुठली कोणाची हे ओळखायची एक्सएफसीईवरची माझी आवडती युक्ती अशी. माउसचा बाण टायटल बारवर न्या आणि चाक वरच्या दिशेने फिरवा. विंडो चटईसारखी गुंडाळून नुसती पट्टी उरली, तर ती एक्सएफडब्ल्यूएम४ ची. काहीच झालं नाही, तर ॲपची. बाहेरून चौकट बसवलीच नसेल तर विंडो मॅनेजर गुंडाळणार कशाला? चाकाची ही सोय विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये बंद केलेली नसली म्हणजे झालं. ग्नोमवर ही युक्ती चालत नाही. तिथे नुसतं पाहूनच ठरवावं लागतं: पट्टीत नावाखेरीज इतर बटणं असली की ती ॲपची.

हे कळलं की अर्धा गोंधळ तिथेच संपतो, कारण सेटिंगमध्येही दोन वेगळी दारं आहेत. 'विंडो मॅनेजर'मधला 'स्टाईल' टॅब फक्त पहिल्या जातीच्या पट्ट्या बदलतो. 'अपिअरन्स'मधला 'स्टाईल' टॅब जीटीके ॲपचा आतला भाग आणि दुसऱ्या जातीच्या पट्ट्या बदलतो. एकच नाव दोन्हीकडे दिसतं, कारण थीमच्या एका फोल्डरात जीटीके-३.० आणि एक्सएफडब्ल्यूएम४ असे निरनिराळे उपफोल्डर असतात. इंटरनेटवरून उतरवलेल्या थीममध्ये एक्सएफडब्ल्यूएम४ चा उपफोल्डरच नसेल, तर ती विंडो मॅनेजरच्या यादीत येणारच नाही. लोक "थीम दिसतच नाही" म्हणून तीच थीम तीन-तीनदा उतरवतात, ते यामुळे.

त्यात एक्सएफसीई ४.१६ ने २०२० च्या डिसेंबरात स्वतःच्या सेटिंगच्या डायलॉगांनाही हेडर बार दिले. तेव्हा बऱ्याच जुन्या वापरकर्त्यांनी बोटं मोडली होती. काकांना त्याचं काही नाही, पण असे हेडर बार चालू असतील तर विंडो मॅनेजरची थीम बदलताना समोरच्या सेटिंगच्या खिडकीचीच पट्टी बदलत नाही आणि माणसाला वाटतं काहीच झालं नाही. मागे फाइल मॅनेजर उघडा ठेवून त्याच्याकडे पाहत थीम बदला.

पहिल्या जातीची पट्टी

हे सोपं आहे. सिस्टिमच्या, म्हणजे यूएसआर-शेअरच्या, थीम्स फोल्डरात जाऊन तिथलीच थीम दुरुस्त करू नका. मी पहिल्यांदा तेच केलं होतं आणि पुढच्या अपडेटने पॅकेज नवं आलं, माझी दुरुस्ती पुसून गेली. परत परत येणाऱ्या या दुखण्याचं सगळ्यांत साधं कारण हेच. थीमच्या फोल्डरची प्रत घ्या, तिला नवं नाव द्या आणि ती होम फोल्डरातल्या लपलेल्या थीम्स फोल्डरात ठेवा. थुनारमध्ये, म्हणजे एक्सएफसीईच्या फाइल मॅनेजरमध्ये, कंट्रोल आणि एच दाबले की टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर दिसतात. नाव बदलायला विसरलात तर सहा महिन्यांनी कुठली मूळ आणि कुठली आपली हे तुम्हालाच कळणार नाही.

आत थीमआरसी नावाची साधी मजकूर-फाइल असते. चालू विंडोच्या अक्षरांचा रंग, मागच्या विंडोच्या अक्षरांचा रंग, अक्षरं वर-खाली सरकवायचं माप असं त्यात लिहिता येतं. पट्टी स्वतः मात्र चित्रांच्या तुकड्यांची बनलेली असते: डावा कोपरा, मधला भाग, उजवा कोपरा. ज्या थीममध्ये ही चित्रं एक्सपीएम जातीची असतात आणि रंगांना नावं दिलेली असतात, तिथे थीमआरसीमधून रंग बदलता येतो. चित्रं पीएनजी असतील तर गिंप या चित्रांच्या ॲपमध्ये उघडून रंगवावी लागतात. मी रंगवली. अर्धा तास गेला, कुरकुर केली, पण ते काम आजतागायत टिकलं आहे.

देवनागरी वाचणाऱ्यांना इथे एक खास त्रास होतो. पट्टी चित्रांची असल्यामुळे तिची उंची ठरलेली असते. इंग्रजी अक्षरं त्यात नीट मावतात, पण काकांची 'सर्व्हे नंबरची नोंद' नावाची फाइल उघडली की वरचा रफार आणि मात्रा कापल्या जायच्या. पट्टी अक्षरासाठी स्वतःहून उंच होत नाही. विंडो मॅनेजरच्या स्टाईल टॅबमध्ये टायटलचा फाँट एक-दोन अंकांनी लहान करून पाहा. नाहीतर थीमआरसीमध्ये अक्षरं एक-दोन पिक्सेल खाली सरकवा. तेही पुरलं नाही तर एक्सएफसीईबरोबर येणारी 'डिफॉल्ट-एचडीपीआय' थीम घ्या, तिची पट्टी मुळातच उंच आहे. फाँट म्हणाल तर एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा मुक्ता मला लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. नोटो सॅन्सही चांगला.

दुसऱ्या जातीची पट्टी, आणि खरी डोकेदुखी

ॲप जीटीके ३ वर बनलेलं असेल तर 'अपिअरन्स'मधली थीम त्याला लागते. आपल्याला रंगच हवा असेल तर थीमच्या नादी न लागता होम फोल्डरातल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात, जीटीके-३.० च्या आत, जीटीके डॉट सीएसएस ही रंगरूपाचे नियम लिहायची फाइल बनवावी. तीत हेडरबार या नावापुढे महिरपी कंसात बॅकग्राउंड पिवळा आणि कलर काळा. खाली दुसरा नियम: हेडरबार, लगेच अपूर्णविराम, आणि त्याला चिकटून बॅकड्रॉप, त्याचा रंग राखाडी. बॅकड्रॉप म्हणजे जी विंडो आत्ता चालू नाही ती. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत.

इथे एक खाच आहे, आणि मी तिच्यात एक अख्खी दुपार घालवली. 'बॅकग्राउंड-कलर' लिहू नका, नुसतं 'बॅकग्राउंड' लिहा. बऱ्याच थीम हेडर बारला छटांचं चित्र चढवतात. तुमचा रंग लागतो, पण त्या चित्राच्या खाली. भिंतीला रंग दिला आणि वर जुनं कॅलेंडर तसंच लटकत राहिलं, तर दिसणार काय? नुसतं 'बॅकग्राउंड' लिहिलं की ते चित्रही निघतं.

ही फाइल थीमपेक्षा भारी ठरते, कारण जीटीकेमध्ये प्रत्येक स्टाइलला वजन असतं: थीमचं २००, ॲपच्या स्वतःच्या स्टाइलचं ६००, वापरकर्त्याच्या फाइलचं ८००. म्हणून थीम बदलली तरी तुमची पिवळी पट्टी राहते. आणि म्हणूनच, कधीकाळी लिहिलेली फाइल विसरलात तर कुठलीही थीम लावा, एक विचित्र रंग जाता जात नाही.

आता जीटीके ४. ते २०२० च्या डिसेंबरात आलं आणि २०२१ च्या शेवटच्या दिवशी त्यावर बसणारं, ग्नोमचं ठरलेलं रूप देणारं लिबअडवायटा १.० आलं. ग्नोमच्या ॲपनी एकामागून एक ते स्वीकारलं. लिबअडवायटावरचं ॲप तुमची 'अपिअरन्स'मधली थीम पाहतच नाही. ही चूक नाही, ठरवून केलेलं आहे. आपल्या ॲपवर वितरणांनी परक्या थीम लादू नयेत, त्याने ॲप मोडतं आणि तक्रारी आमच्याकडे येतात, असं जाहीर पत्र काही ॲपकर्त्यांनी २०१९ मध्येच काढलं होतं. त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. मोडलेल्या थीममुळे बटणावरची अक्षरं गायब झालेली मीही पाहिली आहेत. पण डोळ्यांना त्रास असलेल्या माणसाला चालू विंडो ओळखू येणं ही काही नटण्यामुरडण्याची हौस नव्हे.

काकांच्या बाबतीत घडलं ते असं की ॲपचं नाव तेच राहिलं, चिन्ह तेच राहिलं, आणि वितरण बदलताना खालचं जीटीके ३ जाऊन ४ आलं. कालपर्यंत ऐकणारं ॲप आज ऐकेना. हे टाळायला लिनक्स मिंटने २०२४ च्या २२ व्या आवृत्तीत कॅल्क्युलेटर, सिंपल स्कॅन, फाइल रोलर अशी ॲप मुद्दाम जुन्या जीटीके ३ च्या आवृत्तीवर परत नेली, आणि पुढच्या वर्षी लिबअडवायटाचा लिबअडाप्टा नावाचा फाटा काढला, ज्यात थीम चालतात. नवीन माणसाला मशीन लावून देणार असाल तर ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

डेबियनवर उपाय एवढाच की कॉन्फिग फोल्डरात जीटीके-४.० चा वेगळा फोल्डर करून त्यात दुसरी जीटीके डॉट सीएसएस ठेवायची. लिबअडवायटा थीम पाहत नसलं तरी ही फाइल वाचतं. मी त्यात हेडर बारच्या पार्श्वभूमीच्या रंगाला लिबअडवायटाने दिलेलं नाव वापरून तो पिवळा केला. डेबियन १२ वर मस्त चाललं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये डेबियन १३ आलं, मी दिवाळीत काकांकडे गेलो तेव्हा ते घातलं, आणि पट्टी पुन्हा पांढरी. मधल्या काळात, ग्नोम ४५ बरोबर २०२३ मध्ये, लिबअडवायटा १.४ आलं होतं आणि त्यात हेडर बार सपाट झाले. म्हणजे पट्टीला स्वतःचा रंगच उरला नाही, ती विंडोच्या पार्श्वभूमीत मिसळून गेली. मी ज्या नावाला रंग दिला होता ते नाव अजून आहे, पण सपाट पट्टी ते वापरत नाही. त्यामुळे नावाला रंग न देता थेट हेडरबारलाच रंग दिला, जीटीके ३ च्या फाइलीत होता तसाच. ती आता आहे पिवळी. पुढच्या आवृत्तीत काय होईल त्याची हमी मी देत नाही. बाहेरून उतरवलेली पूर्ण थीम जीटीके-४.० च्या फोल्डरात कॉपी करून ठेवणाऱ्यांचं तर याहून वाईट होतं. ती कॉपी ज्या आवृत्तीसाठी लिहिली होती तिथेच थांबलेली असते आणि खालचं ॲप पुढे जातं. मग कुठे गोल कोपऱ्यांना काळी टोकं येतात, कुठे बटणं एकमेकांवर चढतात. असं दिसलं की सगळ्यात आधी तो फोल्डर बाजूला काढा आणि ॲप पुन्हा उघडा.

फ्लॅटपॅकची ॲप

सगळं केलं आणि एकच ॲप हट्टाने पांढरं राहिलं, तर ते बहुधा फ्लॅटपॅकमधून, म्हणजे वितरणाच्या पॅकेजांऐवजी वेगळ्या वाटेने, आलेलं असतं. ते स्वतःच्या पेटीत बंद असतं. होम फोल्डरातल्या थीम त्याला दिसत नाहीत आणि त्याचा कॉन्फिग फोल्डरही वेगळा असतो. फ्लॅटसील नावाचं ॲप घ्या, त्यात ते ॲप निवडा आणि फाइलींच्या परवानगीत कॉन्फिगमधला जीटीके-४.० फोल्डर जोडा, फक्त वाचण्यापुरता. तुमची सीएसएस फाइल खरी फाइल नसून दुसऱ्या फोल्डराकडे बोट दाखवणारा दुवा असेल, तर त्या दुसऱ्या फोल्डरालाही परवानगी लागते. हे सहज निसटतं.

विसरलेली भुतं

माझ्या स्वतःच्या मशीनवरचा किस्सा. एका रविवारी केडीई प्लाझ्मा हा आणखी एक डेस्कटॉप घालून पाहिला, दोन दिवसांनी एक्सएफसीईवर परत आलो, आणि हेडर बारची बटणं केडीईसारखी दिसायला लागली. प्लाझ्मा जीटीकेची ॲप आपल्यासारखी दिसावीत म्हणून वर सांगितलेल्या दोन्ही फोल्डरांत स्वतःच्या सीएसएस फाइली लिहून ठेवतो. प्लाझ्मा गेला तरी त्या राहतात. फोल्डरात 'विंडो डेकोरेशन्स' नावाची सीएसएस फाइल दिसली तर ती त्याचीच. काढून टाका, आणि जीटीके डॉट सीएसएसमध्ये तिला बोलावणारी ओळही काढा.

दुसरं भूत म्हणजे जीटीके-थीम हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या ॲपना सुरू होताना दिसणारी एक सेटिंग. कुठल्यातरी जुन्या लेखात वाचून कोणीतरी प्रोफाइल फाइलीत ती ओळ घालतं आणि विसरतं. मग सेटिंगमध्ये काहीही निवडा, चालतं त्या ओळीचंच. लिबअडवायटासुद्धा तिच्यापुढे नमतं, म्हणून तर लोक ती घालतात, आणि मग उजेड-अंधाराची अदलाबदल बंद पडते. ती एखादं ॲप तपासण्यापुरती ठीक, कायमची नको.

सिनॅप्टिक (पॅकेज घालायचं ॲप) किंवा जीपार्टेड (डिस्कचे भाग पाडायचं ॲप) उघडल्यावर पट्टी पिवळी पण आतलं सगळं पांढरं, असं दिसलं तर घाबरू नका. पट्टी तुमच्या विंडो मॅनेजरने काढली, पण आतलं ॲप रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, नावाने चालतंय आणि रूटला तुमच्या होममधली थीम सापडत नाही. थीमचा फोल्डर यूएसआर-लोकल-शेअरच्या थीम्समध्ये ठेवा. तिथे पॅकेज हात लावत नाहीत, म्हणून अपडेटमध्ये जात नाही.

आणि एका झटक्यात सगळंच, चिन्हांसकट, बेरंग झालं तर यातलं काहीच पाहू नका. एक्सएफसीईचा सेटिंग पुरवणारा एक्सएफसेटिंग्जडी पडलेला असतो. लॉगआउट करून परत या.

ब्राउझर वगैरे

फायरफॉक्समध्ये टूलबार 'कस्टमाइझ' करायच्या पानावर तळाशी 'टायटल बार' असा चौकोन आहे, तिथे खूण करा. क्रोममध्ये टॅबच्या ओळीतल्या रिकाम्या जागेवर उजवं बटण दाबा, सिस्टिमचा टायटल बार वापरायचा पर्याय येतो. दोन्हीकडे मग विंडो मॅनेजरची पट्टी मिळते. एक ओळ जागा जाते, पण काकांना ती जागा काय करायची आहे?

राहतं ते व्हिडिओ कॉलचं ॲप, ज्यावर नातीचा फोन येतो. ते आपली पट्टी स्वतःच रंगवतं, जीटीके वापरत नाही आणि त्याच्या सेटिंगमध्ये असा काही पर्याय मला सापडला नाही. चाक फिरवून पाहिलं तर गुंडाळतही नाही. त्याची पट्टी अजून पांढरीच आहे. काका ती विंडो उघडली की आधी पडदाभर मोठी करतात.